खेळ आपला, यंत्र कोणाचे?

विद्यार्थी मित्रांनो, पिंप्राळ्याच्या रस्त्याने केळीने भरलेला ट्रक जाताना तुम्ही पाहिला असेल. आपला जळगाव जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे. समजा, एका बागायतदाराने स्वतःचा ट्रक घेतला. त्याचे भाडे वाचते. शेजाऱ्याचा माल नेला, तर भाडे मिळतेही. परंतु केळीचा भाव पडला, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. मग ट्रक ठेवावा की विकावा?

असाच प्रश्न व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांपुढे येतो. टीव्हीला जोडून खेळ खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. खेळ म्हणजे केळी आणि कन्सोल म्हणजे ट्रक, असे समजा. कन्सोल कित्येकदा तोट्यात विकावा लागतो. तो तोटा खेळांच्या विक्रीतून भरून काढतात. दुसऱ्या कंपनीने त्या यंत्रासाठी खेळ बनवला, तर तिच्याकडूनही पैसे मिळतात. मात्र त्यासाठी यंत्र घरोघरी पोहोचले पाहिजे.

जपानमधील सेगा कंपनीने १९९८ साली 'ड्रीमकास्ट' हे यंत्र आणले. यंत्र चांगले होते. पण २००० साली सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन २' आले आणि ग्राहक तिकडे वळले. ड्रीमकास्ट सुमारे ९० लाखच खपले. तोटा वाढत गेला. अखेर ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रे बनवणे बंद करण्याचे जाहीर केले. कंपनीचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी आपली मोठी संपत्ती कंपनीला देऊन तिला सावरले. त्याच वर्षाच्या अखेरीस सेगाचा लाडका 'सॉनिक' एके काळच्या प्रतिस्पर्ध्याच्या, निन्टेंडोच्या, यंत्रावर धावू लागला! सेगा आजही खेळ बनवते.

आता दुसरी बाजू पाहा. निन्टेंडो कंपनी १८८९ साली क्योटो शहरात पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली. २०१२ साली आलेले तिचे 'वी यू' हे यंत्र जेमतेम १ कोटी ३५ लाख खपले. 'यंत्रे सोडा, फोनसाठी खेळ बनवा,' असा सल्ला अनेकांनी दिला. प्रमुख सातोरू इवाता यांनी २०१४ साली पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. पण यंत्रे सोडली नाहीत. २०१७ साली 'स्विच' आले. ते टीव्हीवरही चालते आणि हातात धरूनही खेळता येते. त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली.

मग बरोबर कोण? दोघेही! निन्टेंडोजवळ तोटा सोसण्याइतकी शिल्लक होती आणि तिचे यंत्र इतरांहून वेगळे होते. सेगाजवळ तेवढी शिल्लक उरली नव्हती. म्हणून असा निर्णय अभिमानाने घेऊ नये, हिशेबाची वही पाहून घ्यावा. ट्रक विकावा लागला, तर त्यात कमीपणा नाही. बाग मात्र राखली पाहिजे.

मित्रांनो, तुमच्या अंगचा हुनर हीच तुमची बाग आहे.

शब्दार्थ
बागायतदार – बागवान
तोटा – नुकसान
शिल्लक – बचत
निर्णय – फैसला

स्वाध्याय
१. कन्सोलचा तोटा कसा भरून काढतात?
२. सेगाने यंत्रे बनवणे का थांबवले?
३. 'बाग राखली पाहिजे' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.