सरांनी काम दिलं नाही तर

पोरी, इंटर्नशिपला वकिलाच्या चेंबरमध्ये जायचं, झेरॉक्स आणायची, फायलींना टॅग बांधायचे आणि संध्याकाळी रिकाम्या डोक्याने घरी यायचं, हे तुझं चाललंय ते मला कळतंय. पैसे मिळणार नाहीत हे तू मान्यच केलं होतंस. शिकायलाही मिळत नाही, हे खरं दुखणं. ते मनाला लावून घेऊ नकोस. जिल्हा न्यायालयातला वकील बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, सुरू झाला की या कोर्टातून त्या कोर्टात धावत असतो. तुला काय द्यावं, हा विचार त्याच्या डोक्यात यायलाच सवड नसते.

म्हणून ‘सर, काही काम आहे का?’ असं विचारू नकोस. काम शोधायचा भार त्यांच्यावरच पडतो आणि उत्तर येतं, ‘बस जरा.’ त्याऐवजी म्हण, ‘सर, उद्याच्या बोर्डावर वाटपाचा दावा आहे. त्याचं एक पानी टिपण काढून ठेवू का?’ याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

हे टिपण मात्र मन लावून कर. निशाणी १ म्हणजे वादपत्र, तिथून सुरुवात कर. शेजारी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ठेव. वादपत्रातलं कोणतं कलम प्रतिवादीने मान्य केलंय, कोणतं नाकारलंय आणि कशाला उत्तरच दिलेलं नाही, हे तीन रकान्यांत लिही. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा, कारण जे स्पष्ट नाकारलेलं नसतं ते मान्य धरलं जाऊ शकतं. मग समन्स कधी बजावलं आणि कैफियत कधी दाखल झाली, ते बघ. मुदत ३० दिवसांची, कोर्टाने वाढवली तर ९० पर्यंत. निशाणी ५ वर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज असेल, त्यावर काय हुकूम झालाय ते टिप. शेवटी रोजनामा वाच. दावा नेमका कुणामुळे आणि कशासाठी रेंगाळलाय, हे तिथेच कळतं. असं पान सरांच्या टेबलावर दोन-तीनदा गेलं की पुढची फाइल ते स्वतःहून देतात. मी कित्येक मुलांच्या बाबतीत हे घडताना पाहिलंय.

फाइल मिळाली नाही तर कारकून काकांबरोबर जा. नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, समन्स बजावण्यासाठी काय भरायचं, हे त्यांच्याइतकं नीट कॉलेजात कुणी सांगणार नाही. त्यांना मान देऊन विचार. तेही जमत नसेल तर कोर्टात मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐक. प्रश्न वहीत उतरव आणि तो का विचारला असेल ते समोर लिही. दुपारी सरांना त्यातला एकच प्रश्न विचार.

फाइलचा फोटो मात्र कधी काढू नकोस, मैत्रिणीला पाठवायलाही नाही. अशिलाचं घरचं दुखणं त्या कागदांत असतं.

आणि एक सांगते. झेरॉक्स आणण्यात कमीपणा नाही, पण तिसऱ्या आठवड्यातही तेवढंच चाललं असेल तर सरांशी शांतपणे, स्पष्ट बोल. घरची कामं सांगितली तर सरळ नाही म्हण. ‘अजून दोन महिने थांब, मग बघू’ याला भुलू नकोस. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप बसत नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण २० आठवडे लागतात आणि वकिलाकडे एकदा तरी काम करावंच लागतं. ते तुझं होतंय. चार आठवडे झाले की प्रमाणपत्र घे, नमस्कार कर आणि पुढच्या सुट्टीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर. तिथे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. समोर बसलेल्या बाईचं म्हणणं नीट ऐकून लिहून घेणारं माणूस तिथे हवंच असतं.