मौना केआचा भाडेपट्टा

प्रशांत महासागराच्या मध्यभागी हवाई नावाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटावर मौना केआ हा सुप्त ज्वालामुखी पर्वत उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ४,२०५ मीटर आहे. परंतु सागरतळाशी बुडालेल्या पायथ्यापासून मोजल्यास ती ९,००० मीटरांहूनही अधिक भरते. बेट उष्ण कटिबंधातील असले तरी हिवाळ्यात या शिखरावर हिम पडते.

ताऱ्यांचा प्रकाश वातावरणातून येताना हेलकावे खातो, म्हणून तारे लुकलुकतात. कवींना हे लुकलुकणे मोहक वाटते. वेध घेणाऱ्या शास्त्रज्ञाला मात्र तो अडथळा होय. मौना केआवर सागरावरून येणारा वारा संथपणे वाहतो, ढगांचा थर बहुधा शिखराच्या पुष्कळ खाली राहतो आणि माथ्यावरील हवा अतिशय विरळ व कोरडी असते. जलबाष्प अवरक्त किरणे शोषून घेते. ते येथे अत्यल्प असल्यामुळे ही किरणेही दुर्बिणीपर्यंत पोहोचतात. अशी स्थळे पृथ्वीवर फार थोडी आहेत.

१९६० साली भूकंपजन्य सागरी लाटांनी या बेटावरील हिलो शहराची मोठी हानी केली. उद्योगधंद्यांना नवा आधार हवा म्हणून तेथील व्यापारी मंडळींनी या शिखराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. १९६४ साली जेरार्ड क्यूपर या खगोलशास्त्रज्ञाने तेथील आकाशाची परीक्षा करविली आणि १९६८ साली हवाई राज्याने शिखराभोवतीची सहस्रावधी एकर जमीन हवाई विद्यापीठास ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. हा पट्टा ३१ डिसेंबर २०३३ रोजी संपतो.

विद्यापीठाने मग अन्य संस्थांना पोटभाड्याने जागा दिल्या. त्यांचे भाडे बहुधा वर्षाकाठी एक डॉलर, म्हणजे नावापुरतेच होते. मोबदला म्हणून विद्यापीठाला त्या दुर्बिणींतून वेध घेण्यासाठी काही रात्री मिळत. अशा रीतीने शिखरावर एकूण १३ वेधशाळा झाल्या. त्यांतील केक वेधशाळेच्या दोन दुर्बिणींचे आरसे प्रत्येकी दहा मीटर व्यासाचे असून ते ३६ षट्कोनी तुकड्यांचे बनलेले आहेत. याच दुर्बिणींनी अँड्रिया गेझ यांनी आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचे वर्षानुवर्षे वेध घेतले आणि तेथे एक प्रचंड, अदृश्य वस्तू आहे असे दाखवून दिले. या कार्याबद्दल २०२० च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

परंतु ही जमीन मुळात कोणाची? १८९३ पर्यंत हवाई हे स्वतंत्र राज्य होते. त्या वर्षी तेथील राणीस पदच्युत करण्यात आले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्यात सामील करून घेतली. राजघराण्याच्या व शासनाच्या जमिनी पुढे १९५९ साली नव्या हवाई राज्याकडे आल्या त्या विश्वस्त म्हणून. मूळ हवाईवासीयांचे हित हाही त्या विश्वस्तपणाचा एक हेतू होता. या लोकांच्या श्रद्धेप्रमाणे मौना केआ हे आकाशपित्याशी नाते असलेले पवित्र स्थान आहे. शिखराजवळील वायाऊ सरोवरात आपल्या अर्भकांची नाळ अर्पण करण्याची चाल काही कुटुंबांत आहे. त्यांना विचारल्यावाचून घुमटांमागून घुमट उभे राहिले, ही त्यांची तक्रार होती. विद्यापीठाने पर्वताची पुरेशी निगा राखली नाही, असा ठपका राज्याच्या लेखापरीक्षकांनीही १९९८ मध्ये ठेवला. तेव्हा ही तक्रार निराधार होती असे म्हणता येत नाही.

तीस मीटर व्यासाच्या दुर्बिणीची योजना पुढे आली तेव्हा असंतोष उघडपणे प्रकट झाला. या योजनेत भारतही भागीदार असून पुण्याची ‘आयुका’ ही संस्था त्यात सहभागी आहे. २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा बांधकाम परवाना रद्द केला. पुन्हा सुनावणी होऊन मिळालेला नवा परवाना २०१८ मध्ये कायम झाला. २०१९ च्या जुलैत बांधकामाची साधने वर जाणार, तोच वृद्ध हवाईवासी रस्त्यावर बसले. तीसहून अधिक जणांना अटक झाली, तरीही लोक हटले नाहीत आणि काम थांबले.

या वादात भाडेपट्ट्याच्या मुदतीला मोठे महत्त्व आले. पोटभाडेकरूचा हक्क मूळ पट्ट्यापेक्षा अधिक काळ टिकू शकत नाही. कित्येक दशके चालावयाची दुर्बीण थोड्याच वर्षांच्या हक्कावर कोण उभारील? आणि पट्टा पूर्वीप्रमाणेच वाढवावा, तर ज्यांना प्रथम विचारले नाही त्यांना दुसऱ्यांदाही वगळल्यासारखे होईल.

२०२२ साली राज्याने कायदा करून ११ सदस्यांचे एक स्वतंत्र प्राधिकरण नेमले. त्यात वेधशाळांच्या प्रतिनिधीबरोबरच मूळ हवाईवासीयांच्या परंपरा पाळणाऱ्यांनाही स्थान आहे. खगोलशास्त्राचा अभ्यास तेथे चालू राहावा, हे धोरणही कायद्याने मान्य केले. २०२८ च्या जुलैपासून पर्वताचा कारभार या प्राधिकरणाकडे जावयाचा आहे. २०३३ नंतर शिखरावर राहू इच्छिणाऱ्या वेधशाळांना नव्या अटींवर नवे करार करावे लागतील. ज्यांना ते जमणार नाही त्यांना जागा मोकळी करून द्यावी लागेल. याचा आरंभ २०२४ मध्येच झाला. त्या वर्षी दोन वेधशाळा पूर्णपणे उतरविण्यात आल्या आणि त्यांच्या खालची जमीन पूर्वीसारखी करण्यात आली.