नंबर आलाच नाही

(यवतमाळचं समता मैदान. सकाळचा सराव आटोपून पुतणी बुटांच्या नाड्या सोडत बसलीय.)

पुतणी : काका, एनबीएत 'अनड्राफ्टेड' म्हणतात ते काय असतं जी?

काका : तिकडे अमेरिकेत वर्षातून एकदा बास्केटबॉलचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू उचलतात, तो ड्राफ्ट. ज्याचं नाव कोणीच घेतलं नाही, तो अनड्राफ्टेड. एव्हरी जॉन्सन तसाच. 1988 ला त्याला कोणी विचारलं नाही. 1999 च्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनियोला जिंकून देणारी बास्केट त्याचीच, अन् 2006 ला सर्वोत्तम प्रशिक्षकही तोच.

पुतणी : आपल्याकडे आहे का असं कोणी?

काका : आपल्याकडे ड्राफ्ट नाही, निवड समिती आहे. दुखणं तेच! क्रिकेटमधला अमोल मुजुमदार घे. 1988, शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा. सचिन अन् कांबळी 664 ची नाबाद भागी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हा पॅड बांधून बसला होता. नंबर आलाच नाही.

पुतणी : बाप्पा!

काका : मोठेपणीही तेच. रणजी पदार्पणात 260, तेव्हाचा विश्वविक्रम. पुढे 171 प्रथम श्रेणी सामने, 11,167 धावा. भारताची टोपी मात्र एकदाही नाही. मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. याला जागा कुठून मिळणार? मुंबईला 2006-07 ची रणजी जिंकून दिली, मग आसाम, आंध्र असं खेळत राहिला. 2014 ला थांबला, प्रशिक्षणाकडे वळला अन् 2023 ला भारताचा महिला संघ हाती आला.

पुतणी : पण जो स्वतः भारताकडून खेळला नाही, तो कप्तान हरमनप्रीतला काय शिकवणार?

काका : कव्हर ड्राइव्ह शिकवणारे ढिगानं मिळतात गं. 2025 चा विश्वचषक आठव. लागोपाठ तीन सामने हरलो. इंग्लंडविरुद्ध तर जेमिमाला बाहेर बसवलं होतं. तिलाच उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिसऱ्या नंबरवर पाठवलं. 339 करायच्या होत्या, ती नाबाद 127! निर्णय एकट्या कोचचा नसतो, मान्य. पण बाहेर बसलेल्या पोरीच्या मनात काय चालतं, हे त्याला कोणी सांगावं लागलं नसेल.

पुतणी : अन् फायनल नवी मुंबईत!

काका : 2 नोव्हेंबरला. दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं. हरमनप्रीत त्याच्या पाया पडली, ते टीव्हीवर पाहिलं ना?

पुतणी : पाहिलं. मग मी पण कोचच होते. विभागाच्या संघात नाव येवो न येवो.

काका : जॉन्सन 16 हंगाम खेळला, मुजुमदार 20 वर्षं. कोचचं नंतर पाहू. आज फ्री थ्रो किती चुकवलेस, ते सांग आधी.