शेजाऱ्याच्या हातून झालेलें नुकसान

वाचकहो, आजचा धडा ज्यांच्या घरीं मोटार किंवा फटफटी आहे त्यांच्यासाठीं आहे. परंतु ज्यांच्या घरीं ती नाहीं त्यांसही तो तितकाच उपयोगी आहे. कारण एकाची मोटार व दुसऱ्याची बैलगाडी ह्या एकाच बोळांतून जातात, आणि जेथें बोळ एक आहे तेथें केव्हां ना केव्हां धक्का लागावयाचाच.

जळगांव जामोद हें बुलढाणा जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें तालुक्याचें गांव. खानदेशांतील जळगांवाशीं घोटाळा होऊं नये म्हणून शेजारच्या जामोद गांवाचें नांव ह्याच्या नांवास जोडून घेण्याची चाल आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या नांवावांचून ह्या गांवाची ओळखच पुरी होत नाहीं. ही लहानशी गोष्ट मनांत ठेवून आपण पुढें जाऊं.

१. प्रसंग

असा प्रसंग घ्या. माघ महिना आहे. कापसाची वेचणी आटोपली असून लोक शेतांतील पऱ्हाटी उपटून सरपणासाठीं घरीं आणीत आहेत. एका गृहस्थानें कित्येक वर्षें पैसा मागें टाकून एक जुनी मोटार विकत घेतली आहे. तीच मोटार रात्रीअपरात्रीं आळींतील दुखणाइताला दवाखान्यांत नेते आणि कोणाची आगगाडी चुकूं नये म्हणून त्याला नांदुऱ्याच्या स्टेशनावर पोंचविते. त्या दिवशीं घाईंत ती भिंतीला लावून उभी करावयाची राहिली व हातभर रस्त्यावर आली. रात्रीं शेजाऱ्याचा पंधरा वर्षांचा मुलगा पऱ्हाटीनें भरलेली बैलगाडी घेऊन बोळांत शिरला. अंधार होता; पऱ्हाट्या दोन्ही बाजूंनीं बाहेर आल्या होत्या. सकाळीं मालक पाहतो तों मोटारीच्या एका अंगास पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडे पडले आहेत, मागचा दिवा फुटला आहे, आणि चाकाजवळच्या खाचेंत पऱ्हाटीचा एक तुकडा अडकला आहे.

आतां ह्या मनुष्यापुढें दोन वाटा आहेत. ओट्यावर उभें राहून साऱ्या आळीला ऐकूं जाईल असें ओरडणें ही एक वाट. ती सोपी आहे. परंतु ह्या दोघांच्या शेतांचा धुरा एक आहे. उन्हाळ्यांत एकाच्या विहिरीवर दुसऱ्याचीं गुरें पाणी पितात. ओट्यावरून एक वाईट शब्द गेला कीं मोटारीचा ओरखडा धुऱ्यापर्यंत जातो, धुऱ्यावरून कचेरींत जातो, आणि मग नातवंडांच्या लग्नांतही तो बुजत नाहीं. दुसरी वाट शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालत जाण्याची आहे. ती अवघड आहे. म्हणूनच ती शिकावी लागते.

२. नुकसान आणि गुन्हा हे निराळे

पहिल्यानें हें समजून घ्यावें कीं नुकसान झालें म्हणजे गुन्हा झालाच असें नाहीं. ता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत दुसऱ्याच्या मालाचें नुकसान करण्याचा जो गुन्हा सांगितला आहे, त्यास कायद्याच्या भाषेंत ‘आगळीक’ म्हणतात. आणि तो ठरण्यास नुकसान करण्याचा हेतु किंवा तें होईल ही जाणीव असावी लागते. अंधारांत चुकून लागलेला धक्का ह्यांत बसत नाहीं. यास्तव ‘तुला तुरुंगांत घालतों’ ही धमकी नुसती कठोर नव्हे, तर पोकळही आहे. मात्र भरपाई मागण्याचा दिवाणी हक्क निष्काळजीपणानें झालेल्या नुकसानाविषयींही असतो.

हा भेद फार जुना आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत, निर्गमाच्या २१ व्या व २२ व्या अध्यायांत, चोरानें दुप्पट, चौपट, प्रसंगीं पांचपट द्यावें असें ठरविलें आहे. परंतु ज्यानें खड्डा उघडा टाकला व त्यांत दुसऱ्याचा बैल पडला, किंवा ज्यानें लावलेली आग पसरून दुसऱ्याचें उभें पीक जळलें, त्यानें झालें तेवढेंच भरून द्यावें असें आहे. एकाच्या बैलानें दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैल विकून किंमत दोघांनीं वांटून घ्यावी व मेलेलाही वांटून घ्यावा. परंतु बैल मारका आहे हें धन्यास आधींच ठाऊक असून त्यानें तो बांधून ठेवला नाहीं, तर सगळी भरपाई त्यानेंच करावी. शेतकऱ्यास हा न्याय समजावून सांगावा लागत नाहीं.

मोटारीसही तोच लागूं पडतो. सन २०२३ च्या जुलै महिन्यांत जळगांव जामोद व संग्रामपूर ह्या तालुक्यांत अतिवृष्टि होऊन पूर आले. अशा पुरांत एकाची भिंत दुसऱ्याच्या वाहनावर पडली, तर त्यांत माणसाचा दोष सहसा नसतो. परंतु भिंत वर्षभर कललेली होती व शेजाऱ्यानें दोनदां सांगूनही तिला टेका दिला नाहीं, तर ती भिंत म्हणजे मारका बैलच होय.

‘शेजारी कोण?’ हा प्रश्न सन १९३२ सालीं इंग्लंडांतील वरिष्ठ न्यायासनापुढेंही आला होता. स्कॉटलंडांतील पेझली गांवीं एका बाईनें प्यालेल्या पेयाच्या बाटलींत गोगलगाय निघाली, असें त्या बाईचें म्हणणें होतें. त्या खटल्यांत न्यायमूर्ति लॉर्ड ॲटकिन ह्यांनीं शेजाऱ्यावरील प्रीतीच्या आज्ञेचाच आधार घेतला व असें ठरविलें कीं, आपल्या कृत्यामुळें ज्याला इजा पोंचेल हें आपणांस दिसावयास पाहिजे, तो कायद्यानें आपला शेजारी होय. निष्काळजीपणाच्या आजच्या कायद्याचा मोठा भाग ह्या पायावर उभा आहे.

३. दारापर्यंत कसें जावें

जाण्यापूर्वीं नुकसानाचीं छायाचित्रें काढून ठेवावींत. दुसऱ्याला पकडण्यासाठीं नव्हे, तर पुढें आपलीच आठवण वाढून सांगूं नये म्हणून. मग कारागिराकडून दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा. रागाच्या भरांत सांगितलेला आंकडा व कारागिरानें लिहिलेला आंकडा ह्यांत बरेंच अंतर असतें.

नंतर एकट्यानें जावें. मत्तयाच्या १८ व्या अध्यायांतील क्रम असा आहे कीं, पहिल्यानें दोघांत बोलावें, त्यानें भागलें नाहीं तर एक दोघांस बरोबर घ्यावें, आणि त्यानंतरच गोष्ट सर्वांपुढें न्यावी. आपण बहुधा उलटें करतों: आधीं चार जणांस सांगतों, आणि ज्याला सांगावयाचें त्याला शेवटीं. चौघांसमोर धरलेला मनुष्य कबुली देत नाहीं. तो आपली अब्रू राखतो.

बोलण्याची सुरुवात आरोपानें न करितां विचारण्यानें करावी. ‘तुमच्या पोरानें माझी गाडी फोडली’ असें म्हणण्याऐवजीं, ‘दादा, रात्रीं पऱ्हाटीची गाडी आली तेव्हां माझ्या मोटारीला कांहीं लागलें काय? जरा येऊन पाहतां?’ असें म्हणावें. पऱ्हाटीचा तुकडा हा पुरावा नव्हे. त्या रात्रीं दुसऱ्याचीही गाडी गेली असेल. शेजाऱ्यानें येऊन पाहिलें व तो म्हणाला, ‘भाऊ, चुकलंच आमचं. पोरगं अंधारात आलं, त्याला समजलंच नाही,’ तर अर्धें काम झालें. तो ‘नाहीं’ म्हणाला आणि आपणांजवळ साक्षीदार नसला, तर तेथेंच थांबावें. संशयावर भरपाई मागतां येत नाहीं.

४. भरपाई किती घ्यावी

आमच्या प्रसंगांत कारागिरानें ४,८०० रुपये सांगितले असें धरूं. आतां मालकानें स्वतःस विचारावें: मोटार हातभर रस्त्यावर कोणीं ठेवली? दोघांचीही चूक असल्यास न्यायालयही ज्याच्या त्याच्या दोषाप्रमाणें वांटणी करतें. मालकानें तिसरा हिस्सा, म्हणजे १,६०० रुपये, आपल्या अंगावर घेतला व शेजाऱ्यानें ३,२०० रुपये दोन हप्त्यांनीं, घरांत ठेवलेला कापूस विकल्यावर, द्यावे असें ठरलें, तर दोघांसही तोंड वर करून चालतां येईल. जुन्या ओरखड्यांचा खर्च ह्यांत घुसडूं नये; तो उघड उघड लबाडीचा पैसा होय.

ठरलें तें एका कागदावर लिहावें: तारीख, काय मोडलें, रक्कम किती, हप्ते केव्हां, आणि शेवटचा हप्ता दिल्यावर कांहीं देणें उरलें नाहीं. खालीं दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. कांहीं लोक म्हणतात कीं आपल्या माणसांत कागद कशाला? आम्ही म्हणतों, आपल्या माणसांतच कागद हवा. कारण परक्याशीं झालेलें भांडण संपतें, आपल्याशीं झालेलें घरांत राहतें.

५. विम्याविषयीं

सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें प्रत्येक मोटार वाहनाचा निदान त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे. पुष्कळांचा असा समज आहे कीं त्या विम्यांतून आपल्या गाडीची दुरुस्ती होते. तसें नाहीं. आपल्या गाडीनें दुसऱ्याचें जें नुकसान केलें तें त्यांतून भरलें जातें. दुसऱ्याच्या मालाच्या नुकसानीची मर्यादा साधारणतः चारचाकीस साडेसात लाख व दुचाकीस एक लाख रुपये असते. परंतु कोणी हप्ता कमी व्हावा म्हणून ती ६,००० रुपयांवर आणलेली असते, म्हणून पॉलिसी वाचून पाहावी. बैलगाडीस असा विमा नसतो. आपल्याच गाडीच्या दुरुस्तीसाठीं स्वतःच्या नुकसानीचा विमा निराळा घ्यावा लागतो.

हा विमा असला तरी लहान नुकसानास तो वापरावा कीं नाहीं, ह्याचा हिशेब करावा. ज्या वर्षीं मागणी केली नाहीं त्या वर्षानंतर हप्त्यांत २० टक्के सूट मिळते व ती पांच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. मागणी केली कीं ती शून्यावर येते. समजा ह्या भागाचा हप्ता सुटीपूर्वीं ६,००० रुपये आहे व आपणांस ५० टक्के सूट आहे. मागणी केल्यास पुढच्या वर्षीं ३,००० रुपये जास्त जातील, आणि त्याच्या पुढच्या वर्षीं, ५० ऐवजीं २० टक्केच सूट मिळाल्यामुळें, आणखी १,८०० रुपये, एकूण ४,८००. शिवाय लहान मोटारीवर प्रत्येक मागणींतून पहिले १,००० रुपये आपल्यालाच सोसावे लागतात. म्हणजे ३,८०० रुपये मिळविण्यासाठीं ४,८०० रुपये घालविले!

नुकसान मोठें असेल तर मात्र कंपनीस ताबडतोब कळवावें, तिचा माणूस पाहून जाईपर्यंत दुरुस्ती करूं नये, आणि ‘सर्व मिटलें’ असें शेजाऱ्यास त्यापूर्वीं लिहून देऊं नये. तसेंच आपल्या मोटारीनें दुसऱ्याचें नुकसान झाल्यास क्षमा अवश्य मागावी, परंतु विम्यांतून भरपाई करावयाची असल्यास कंपनीच्या संमतीवांचून रकमेचें वचन देऊं नये. तशी अट पॉलिसींत असते.

एक गोष्ट निक्षून सांगतों. माणसास इजा झाली असेल तर हा धडा पुरा पडत नाहीं. मोटारचालकानें जखमी मनुष्यास दवाखान्यांत नेणें व चोवीस तासांच्या आंत पोलिसांस कळविणें हें कायद्यानें बंधनकारक आहे. तें आपसांत दाबून टाकूं नये. आणि बैलगाडी पंधरा वर्षांच्या मुलानें हांकली तरी चालेल, पण मोटारीची किल्ली त्याच्या हातीं देऊं नये. सन २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अज्ञान मुलानें मोटार चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे.

६. मिटलें नाहीं तर

महाराष्ट्र सरकारनें ता. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू केली, ती ह्याचसाठीं कीं गांवचा तंटा गांवांतच सामोपचारानें मिटावा. अशा समितीचे किंवा गांवांतील वडीलधाऱ्यांचे साह्य घ्यावें. परंतु पंचांचें काम दोघांस एकत्र आणण्याचें आहे, दंड ठोकण्याचें नव्हे. कोणाचें हुक्कापाणी बंद करणें हा तर सन २०१६ च्या सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्यानें गुन्हा आहे. पुढची पायरी लोकअदालतीची. तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज केल्यास प्रकरण तेथें ठेवतां येतें. तेथें दोघांच्या संमतीनें झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असून त्यावर अपील नाहीं.

७. ज्याच्या हातून झालें त्यास

शेवटचा शब्द त्या मुलाच्या बापास. रात्रीं ओरखडा पडला हें दिसलें असतें आणि कोणीं पाहिलें नाहीं म्हणून गप्प बसला असता, तर चुकीचें पाप झालें असतें. ज्याच्या हातून मोडलें त्यानें मालकाच्या आधीं त्याच्या दारीं जावें, मुलास बरोबर न्यावें, आणि मुलासमोर त्यास न मारतां ‘आमच्याकडून झालें’ असें म्हणावें. त्या दिवशीं मुलगा जें शिकेल तें ३,२०० रुपयांत महाग नाहीं. आणि मालकानेंही ते पैसे हातीं आल्यावर ती गोष्ट पुन्हां काढूं नये. दिवा नवा बसला कीं जुन्या कांचा उकिरड्यावर टाकाव्यात, खिशांत बाळगूं नयेत.

शिक्षकांनीं विचारावयाचे प्रश्न

१. चोरी व अपघात ह्यांच्या भरपाईंत मोशेनें काय भेद केला आहे?
२. ‘मारका बैल’ ह्या दृष्टांतांत आपल्या घरची कोणती वस्तु बसते?
३. आमच्या प्रसंगांत मालकानें तिसरा हिस्सा कां सोसला? तुम्ही किती सोसला असता?
४. आपल्या वाहनाच्या पॉलिसींत कोणाचें नुकसान भरलें जातें, हें तुम्हीं वाचलें आहे काय?
५. तुमच्या आळींत असें एखादें जुनें भांडण आहे काय, कीं ज्यासाठीं ह्या आठवड्यांत कोणाच्या दारापर्यंत जावें लागेल?