क्रुगरचं गणित : आफ्रिकन सफारी बजेटमध्ये बसवताना

आफ्रिकन सफारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. खाकी टोपी घातलेले गोरे आजी-आजोबा, उघड्या टपाची मोठी जीप, पांढरे तंबू, आणि त्या तंबूत चक्क बाथटब! मग आपण म्हणतो, 'हे आपलं काम नाही बुवा', आणि चॅनल बदलतो. माझं म्हणणं असं आहे की हे आपलं काम आहे, फक्त त्याचं कॉस्टिंग नीट समजून घेतलं पाहिजे. आपल्याला इंजिनीअरिंग इकॉनॉमिक्स नावाचा जो विषय आहे (ज्यात सगळे झोपतात), त्याचा मला आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग!

आधी पार्श्वभूमी. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वीस-बावीस वर्षं ती पोरांना तक्त्यावरचा जिराफ दाखवतेय, पण स्वतः तिने जिराफ पाहिला तो फक्त म्हैसूरच्या झूमध्ये. तिची भिशी आणि थोडी साठवलेली रक्कम मिळून साडेचार लाख रुपये जमले होते. बाबांचं मत होतं की ते बँकेत ठेवावेत. आईचं मत होतं की गुडघे चालताहेत तोवर आफ्रिका बघावी. आणि माणसं चार : आई, बाबा, दादा, मी. प्लॅनिंग माझ्याकडे आलं, कारण परीक्षा संपून मी रिकामी होते. एका टूरवाल्याने मसाई माराचा भाव माणशी अडीच लाखांच्या वर सांगितला. आई काही बोलली नाही, नुसतं माहितीपत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तेव्हा मी वही उघडली.

पहिला प्रश्न, पैसा नक्की जातो कुठे? बहुतेकांना वाटतं विमानात. तसं नाही. सफारीचे खरे खर्च दोन : उद्यानाचं रोजचं शुल्क आणि गाडी. शुल्क माणशी, गाडी गाडीमागे. म्हणजे एक व्हेरिएबल, एक फिक्स्ड. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

मसाई माराचं उदाहरण घ्या. हे केनियातलं राखीव क्षेत्र, नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. २०२४ पासून तिथे परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून रोजचे १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोजचे २०० डॉलर पडतात. आता गंमत अशी की वाइल्डबीस्टचे प्रसिद्ध कळप टांझानियाच्या सेरेंगेटीतून मारात येतात ते साधारण जुलैनंतर. म्हणजे जे बघायला जायचं, त्याच वेळी भाव दुप्पट! आमचे चौघांचे तीन दिवसांचे २४०० डॉलर, म्हणजे दोन लाखांच्या पुढे, फक्त दारात उभं राहायचे. गाडी, ड्रायव्हर, जेवण, झोपणं वेगळं. गाडी-ड्रायव्हरचे दिवसाला दोनशे ते तीनशे डॉलर धरा. 'स्वतःच चालवू' म्हणाल तर माराची माती काळी, आपल्या विदर्भासारखी. सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, पाऊस पडला की ती फुगते आणि साधी गाडी रुतून बसते. फोर बाय फोर लागतेच.

फिक्स्ड कॉस्टचं आणखी चांगलं उदाहरण टांझानियातलं गोरोंगोरो. तिथे ज्वालामुखीच्या विवरात उतरायचं तर माणशी शुल्काशिवाय गाडीमागे वेगळे २५० डॉलर आणि वर कर, म्हणजे सुमारे २९५. दोघंच असाल तर प्रत्येकी १४८ आणि सहाजण असाल तर प्रत्येकी ४९. विवर तेच, सिंह तोच! माझी रूममेट चंद्रपूरची आहे, ती म्हणाली, "यात काय नवीन? ताडोब्यात पण आम्ही जिप्सी भरेपर्यंत पाहुणे गोळा करतो." अगदी बरोबर. म्हणून पूर्व आफ्रिकेतच जायचं असेल तर आधी सहाजणांचा ग्रुप जमवा, हॉटेलचे स्टार नंतर मोजा.

आम्ही चारच होतो, म्हणून मी असं उद्यान शोधलं जिथे गाडीवाला लागतच नाही. ते म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर नॅशनल पार्क. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्रफळ सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोबाच्या कोअरच्या तीसपट. आत डांबरी रस्ते आहेत आणि साधी भाड्याची गाडी घेऊन तुम्ही स्वतः फिरू शकता. तिकडेही गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, त्यामुळे बाबांना काही नवीन शिकावं लागलं नाही. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. अंधार पडायच्या आत कॅम्पात परत. जूनमध्ये दारं सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. आपल्या हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमना ही वेळ फार आवडेल!

क्रुगर स्वस्त का, हा प्रश्न मला पडला. उत्तर असं की ते मुळात परदेशी पाहुण्यांसाठी नाही, तिथल्या लोकांच्या सुट्टीसाठी बांधलेलं आहे. कॅम्प सरकारी संस्थेचे (सॅनपार्क्स). त्यात दोन खाटांच्या झोपड्या, सामायिक स्वयंपाकघर, पेट्रोल पंप, दुकान, कपडे धुवायची मशिनं. शनिवार-रविवार कुटुंबं येतात, चूल पेटवतात. अर्थात 'तिथले लोक' म्हणजे कोण, हेही विचारायला हवं. वर्णभेदाच्या काळात ही सुट्टी बहुतांशी गोऱ्यांची होती. उद्यानाच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या माकुलेके लोकांना १९६९ मध्ये तिथून उठवलं होतं, आणि त्यांची जमीन त्यांना परत मिळायला १९९८ उजाडलं. आज ती जमीन त्यांच्या मालकीची आहे आणि तिथे प्राणीच राहतात. हे आईला मी विमानात वाचून दाखवलं, तर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याकडे धरणात गेलेल्यांना कुठे मिळते परत?"

आता व्यवहार. आम्ही २०२५ च्या जूनमध्ये गेलो. जून म्हणजे तिकडचा हिवाळा, कोरडा. गवत वाळून खाली बसलेलं असतं, झाडांना पानं कमी, आणि पाणी थोड्याच जागी उरल्यामुळे प्राणी पाण्यावर येतात. याचा बजेटशी सरळ संबंध आहे : गवत उंच असतं तेव्हा उंच गाडी लागते, जूनमध्ये छोट्या गाडीतूनही दिसतं. शिवाय डास कमी. क्रुगर मलेरियाचा भाग आहेच, गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं, पण धोका उन्हाळी पावसात जास्त आणि हिवाळ्यात कमी. फक्त जूनच्या शेवटी तिथल्या शाळांना सुट्टी लागते, त्याआधी निघून या. आणि स्वेटर न्या! पहाटे बोटं गोठतात. 'आफ्रिकेत कसली थंडी' असं दादा म्हणाला होता. चार दिवस तो आईची शाल घेऊन बसला.

कॅम्पांचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं आणि स्वस्त झोपड्या आधी जातात. आम्हाला स्कुकुझा आणि लोअर साबी मिळाले. दोन झोपड्या, प्रत्येकी रात्रीचे नऊशेच्या आसपास रँड. रँड तेव्हा जवळजवळ पाच रुपयांना होता. संवर्धन शुल्क तेव्हा परदेशी माणसाला साधारण साडेपाचशे रँड होतं, मुक्काम असेल तर रात्रीमागे. हे दर दर वर्षी नोव्हेंबरात वाढतात, तेव्हा निघण्याआधी ताजा आकडा बघा. स्थानिकांना याच्या चौथ्या हिश्श्याएवढंच पडतं, आणि ते मला योग्यच वाटतं.

आईसाठी एक गोष्ट मी आधीच ठरवली होती : धावाधाव नाही. बरेच लोक 'बिग फाइव्ह'ची यादी घेऊन दिवसाला दोनशे किलोमीटर गाडी हाकतात. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस, ही यादी मुळात शिकाऱ्यांची, पायी मारायला अवघड असे पाच. त्यात बिचाऱ्या जिराफाला जागाच नाही! आम्ही उलट केलं. लोअर साबी कॅम्पच्या अगदी जवळ सनसेट डॅम नावाचं तळं आहे. तिथे गाडी लावायची, इंजिन बंद करायचं आणि बसायचं. पेट्रोल शून्य. पाणघोडे, मगरी, बगळे, पाण्यावर येणारे इम्पाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एक जिराफ आला. पाणी प्यायला त्याला पुढचे पाय फाकवावे लागतात, अगदी ट्रायपॉडसारखे, आणि मध्येच दचकून तो पुन्हा उभा राहतो. तसं त्याने सहा-सात वेळा केलं. आई म्हणाली, "तक्त्यावर हे नाही." एवढंच. पण नंतर दिवसभर ती तेच सांगत होती.

स्कुकुझाजवळ लेक पॅनिक नावाचा पक्षी बघायचा आडोसा आहे, तिथेही वेगळे पैसे नाहीत. दोन्ही कॅम्पांना जोडणारा नदीकाठचा रस्ता साधारण ४५ किलोमीटरचा, त्यावर अख्खा दिवस घालवला तरी कमी पडतो. एका वळणावर नर हत्ती रस्त्याच्या मधोमध आमच्याकडे चालत आला. बाबांनी न बोलता गाडी रिव्हर्स घेतली ती चांगली दोनशे मीटर. नियम हाच : वाट त्याची, घाई आपली. कॅम्पात नकाशाचा फलक असतो, कोणाला कुठे काय दिसलं ते रंगीत खुणांनी लावतात. गेंड्याची खूण मात्र लावत नाहीत, चोरट्या शिकाऱ्यांना पत्ता नको म्हणून. आम्हाला गेंडा दिसला. कुठे, ते मीही लिहीत नाही.

पैसे खर्च केलेच पाहिजेत अशी एक जागा : उद्यानाची संध्याकाळची गाडी. अंधारात स्वतःच्या गाडीला बंदी, त्यामुळे तरस आणि घुबडं बघायची तर हाच मार्ग. माणशी पाचशे रँडच्या आसपास गेले. आणि पैसे मुळीच देऊ नयेत अशीही एक जागा : सिंहाचं पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढू देणारी खासगी फार्म्स. स्वस्त असतात, वाटेत पाट्या दिसतात. अशी पिल्लं मोठी झाली की त्यातली कित्येक कुंपणातल्या शिकारीसाठी विकली जातात. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने हा धंदा हळूहळू बंद करण्याचं धोरण मंजूर केलं आहे, पण आपण गिऱ्हाईक व्हायलाच नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना आरटीओत हजार रुपयांत मिळतो. भाड्याच्या गाडीला वयाची अट असते, विशीतल्यांना बहुधा देत नाहीत किंवा जादा पैसे घेतात, म्हणून दादा आणि बाबाच चालक. पीतज्वराची लस हा मोठा मुद्दा. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही, पण केनिया, इथिओपिया, युगांडा या देशांत आहे, आणि स्वस्त विमानं नेमकी तिथूनच जातात. लस किमान दहा दिवस आधी घ्यायची, सरकारने ठरवलेल्या केंद्रातच. दाखला २०१६ पासून आयुष्यभर चालतो. तो नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आम्ही अदिस अबाबामार्गे गेलो, थांबा चारच तासांचा होता, तरी सगळ्यांनी टोचून घेतलं. साठीच्या पुढच्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

चौघांचा हिशोब असा : विमान दोन लाख आठ हजार, व्हिसा-विमा-लस बावीस, गाडी-पेट्रोल-टोल अडतीस, उद्यान शुल्क पाच रात्रींचं चोपन्न, झोपड्या पंचेचाळीस, जोहान्सबर्गच्या दोन रात्री बारा, संध्याकाळची गाडी दहा, आणि खाणं वीस हजार (डाळ-तांदूळ वाटेत नेलस्प्रुटला घेतले, खिचडी आईने केली, भांडी दादाने घासली). एकूण चार लाख नऊ हजार. उरलेले एक्केचाळीस हजार बाबांनी बँकेत ठेवले, त्यांचंही समाधान झालं.

आता ज्यांच्याकडे चार लाख नाहीत, गाडी नाही, आणि पहिल्या पगारावर एकट्याने जायचंय, अशा फायनल इयरवाल्यांसाठी केनियाचा एक वेगळा रस्ता. मारा विसरा. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगी, सुमारे तीस डॉलर. नैरोबी शहराला लागूनच ११७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. गेंडा, सिंह आणि मागे उंच इमारती. हत्ती तेवढे नाहीत. इतरांबरोबर गाडी वाटून घेतली की अर्ध्या दिवसात होतं. नैवाशाजवळच्या हेल्स गेट उद्यानात तर सायकल भाड्याने घेऊन झेब्रे आणि जिराफांमधून फिरता येतं, आणि आतच ओल्कारियाची भूऔष्णिक वीजकेंद्रं आहेत. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना एका तिकिटात दोन खेळ!

आणि नैरोबी-मोम्बासा रेल्वे सोडू नका. २०१७ मध्ये सुरू झालेली ही गाडी त्सावोच्या जंगलातून जाते, खालून हत्ती जावेत म्हणून रुळांखाली मोठे मार्ग ठेवलेत. २०२४ पासून साध्या वर्गाचं तिकीट १५०० शिलिंग, म्हणजे हजाराच्या आसपास रुपये. नशीब असेल तर खिडकीतून हत्ती. याच वाटेवर १८९६ ते १९०१ मध्ये जुनी रेल्वे बांधायला सुमारे बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते, आणि १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामावर दोन सिंहांनी त्यांच्यातल्या कित्येकांना खाल्लं. आपली माणसं आफ्रिकेत सिंह बघायला नव्हती गेली, पूल बांधायला गेली होती.

सगळ्या बुकिंगांच्या तारखा आणि रोजचा खर्च लिहिलेली वही माझ्याकडे आहे. ज्यांना हवी त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला गाठावं. झेरॉक्स काढून परत द्यायची, आईने मागितली आहे.