कपाटातल्या डीव्हीडी घरभर कशा पोचतात

मूळचे आम्ही वसईचे, पण पप्पांच्या नोकरीमुळे घर देवासला. देवास आणि धार ही पवारांची जुनी संस्थानं, त्यामुळे मराठी इथे परकी नाही. दुसरा बाजीराव 1775 मध्ये धारच्या किल्ल्यात जन्मला. कुमार गंधर्व 1948 पासून अखेरपर्यंत देवासला राहिले. तरी माझा धाकटा भाऊ शाळेतून आला की हिंदीच बोलतो. घरातलं मराठी टिकलं ते आजीमुळे, आणि पप्पांनी दर सुट्टीत दादरहून आणलेल्या 112 डीव्हीडींमुळे.

गेल्या वर्षी डीव्हीडी प्लेअर बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, "याचे पार्टच येत नाहीत आता." त्यातच आजीच्या खुब्याचं हाड मोडलं. टीव्ही पुढच्या खोलीत, आजी मागच्या. सुट्टीत मी घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या आजोबांचं नाटक तेवढं दाखव गं."

ते नाटक म्हणजे 2009 च्या नाताळात इथल्या मराठी घरांनी बसवलेली नाटुकली. आजोबा हेरोद राजा झाले होते. आता आजोबा नाहीत. त्यांचा आवाज त्या एका डिस्कवर आहे. मी साहित्याची विद्यार्थिनी, पण त्या महिन्यात जे शिकले ते इथे मांडते. तुमच्याही घरी असं कपाट असेल.

आधी डिस्क ओळखा. विकतच्या डिस्कवर खळगे छापलेले असतात, त्या बऱ्याच टिकतात. घरी 'बर्न' केलेल्या डिस्कवर रंगाचा थर असतो. ऊन, उष्णता आणि काळ यांनी तो खराब होतो. म्हणून सुरुवात घरच्या डिस्कपासून करा. विकतची गेली तर कदाचित पुन्हा मिळेल, ही मिळणार नाही.

आमची डिस्क मध्येच अडकायची. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल पुसायची नसते). मग 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम लावला. तो आधी चांगला भाग उचलून घेतो आणि खराब जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतो. रात्रभर चाललं. शेवटची काही मिनिटं गेली ती गेलीच.

पुढची पायरी फाइल लहान करण्याची. एकपदरी डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात. 'हँडब्रेक'मधून काढलेली फाइल साधारण दीड जीबीची होते. म्हणजे 112 डिस्क 170 जीबीच्या आसपास. जुन्या लॅपटॉपची 500 जीबीची डिस्क पुरते. नाटकांच्या चित्रात हालचालीच्या वेळी कंगव्यासारख्या रेषा दिसल्या, तर 'डीइंटरलेस' चालू करा. मूळ चित्र 720 बाय 576 चंच आहे. ते मोठं करून जास्त स्पष्ट होत नाही.

आता वाटप. तोच लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि त्यावर 'जेलीफिन' बसवलं. हेही मोफत आहे. फाइलींची नावं नीट द्यायची: 'श्वास (2004)', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी (2009)'. मग मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा घरातला पत्ता आणि पुढे 8096 टाकलं की सगळं कपाट समोर. इंटरनेट बंद असलं तरी चालतं, कारण चित्र घराबाहेर जातच नाही. वीज मात्र हवी!

धारच्या मावशीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मला पण लिंक पाठव की." पण 192.168 ने सुरू होणारा पत्ता म्हणजे घरातल्या खोलीचा नंबर. धारहून त्या नंबरावर कोणी पोचू शकत नाही.

आणि विकतच्या डिस्कांच्या बाबतीत ते बरंच आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खासगी वापरासाठी रास्त सवलत देतं. पण 2012 मध्ये आलेलं कलम 65 ए हक्कभंगाच्या हेतूने डिस्कचं कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. आपली डिस्क आपल्या घरात पाहणं वेगळं, नातेवाइकांना वाटणं वेगळं. मावशीला हवी असलेली 'श्वास'ची मूळ डिस्कच मी वाचायला पुस्तक द्यावं तशी दिली.

आजोबांचं नाटक मात्र आपलंच. ते पेन ड्राइव्हवर घेऊन इंदूरमार्गे बसने धारला गेले. एक प्रत देवासला, एक धारला. एक घर बुडालं तरी दुसरं आहे. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'चाही आज काही भागच उरलाय. जिथे प्रती कमी, तिथे हे असंच होतं.

आजीने मागच्या खोलीत मोबाइलवर नाटक पाहिलं. शेवट गेलाय हे मी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "शेवट मला पाठ आहे," आणि भावाला शेजारी बसवून हेरोदाचे उरलेले संवाद म्हणून दाखवले. तिने दोन शब्द चुकवले असावेत. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवलं.