अवधूताचे घरातले तीन गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला दिवेलागणीच्या सुमारास देवळात दत्तजन्माचा पाळणा हलतो. आपण रांगेनं पुढे जातो, दोरीला हात लावतो, दोन झोके देतो आणि दोरी पुढच्याच्या हाती देऊन बाजूला होतो. त्या दिवशी देवच बाळ होऊन आपल्यासमोर येतो. मग आपल्या घरात जी बाळं आहेत, नातवंडं आहेत, ती आपल्याला काय शिकवतात, याचा थोडा विचार या पाठात करू.

आधी नावच पाहू. अत्रिऋषींनी पुत्रासाठी तप केलं, तेव्हा भगवंतांनी स्वतःलाच त्यांना देऊन टाकलं. 'दत्त' म्हणजे दिलेला. अत्रींचा म्हणून आत्रेय. 'माझा' नव्हे, 'दिलेला'. लहान मुलांच्या घराला लागणारी सगळी शिकवण या एका शब्दात आहे.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. हा अवधूत म्हणजे श्रीदत्तप्रभूच, अशी आपली परंपरा मानते. पृथ्वी, वायू, सूर्य, समुद्र अशा मोठमोठ्या गुरूंबरोबर त्यात तीन अगदी घरगुती गुरू आहेत : कपोत, अर्भक आणि कुमारी.

कपोत

एका झाडावर कबुतराचं जोडपं राहत होतं. पिलं झाली. त्यांची किलबिल, मऊ पिसांचा स्पर्श, यात दोघं रंगून गेली. एके दिवशी ती चारा आणायला गेली असताना पारध्यानं पिलांना जाळ्यात धरलं. मादीनं ते पाहिलं आणि आक्रोश करत तीही जाळ्यात पडली. नर तर समोर जाळं दिसत असूनही त्यात शिरला. पारध्याला आयतंच सगळं कुटुंब मिळालं.

ही गोष्ट ऐकून काहींना वाटतं, माया लावू नका असंच अवधूत सांगतात. पण नीट पाहा. पिलांना चारा आणणं यात दोष नव्हता. पिलांपलीकडे दुसरं काहीच उरलं नाही, इतकं मन त्यात बुडवून टाकलं, तिथं घात झाला. पिलं 'दिलेली' होती, याचा विसर पडला.

आपल्याकडे हे जाळं निराळ्या रूपात येतं. नातवाला दोन गुण कमी पडले की आजोबांना जेवण जात नाही. मुलगा-सून बदलीच्या गावी गेले की आजी देवपूजासुद्धा सोडते. 'आमचं सगळं यांच्यातच आहे' हे वाक्य आपण प्रेमानं बोलतो, पण ते कपोताचं वाक्य आहे. शिवाय त्याचं ओझं त्या पोरांच्याच डोक्यावर बसतं.

अर्भक

दुसरा गुरू तान्हं मूल. अवधूत म्हणतात, बालकाला मान नाही, अपमान नाही, घरादाराची चिंता नाही. ते आपल्याच आनंदात असतं. हे पाहायला कुठे वनात जायला नको. दोन पोरं अंगणात भांडतात, 'कट्टी' म्हणतात, आणि घटकाभरात एकाच ताटलीतले पोहे खातात. तेवढ्या वेळात मोठ्यांचं मात्र बोलणं बंद होतं, आणि ते वर्षभर चालतं!

पण अवधूत पुढे एक बारीक भेदही सांगतात. बालक निश्चिंत असतं ते अजाणतेपणानं. गुणांच्या पलीकडे गेलेला निश्चिंत असतो ते ज्ञानानं. आपण या दोहोंच्या मधले. म्हातारपणी पोरासारखा हट्ट करणं म्हणजे बालभाव नव्हे. कुणी लागट बोललं तरी ते रात्रीपर्यंत मनात न ठेवणं, हा बालभाव.

कुमारी

तिसरी गुरू एक मुलगी. घरची माणसं बाहेर गेलेली आणि तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्यासाठी ती साळी कांडू लागली, तर हातातल्या कांकणांचा आवाज होऊ लागला. तिला संकोच वाटला. तिनं एकेक कांकण काढलं. दोन उरली, तीही वाजलीच. मग प्रत्येक हातात एकच ठेवलं, तेव्हा आवाज थांबला. अवधूतांनी यावरून एकांताचं महत्त्व घेतलं.

संसारी माणसाला घर सोडून एकटं राहता येत नाही. पण ही शिकवण घरातही वापरता येते. मूल चुकलं की आई एक सांगते, आजी दुसरं, आजोबा तिसरं. वडील मोबाइलवरून मान वर करून चौथं. इतकी कांकणं वाजली की मुलाला काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी एकानंच बोलावं, बाकीच्यांनी गप्प बसावं. पटलं नसेल तर मूल झोपल्यावर बोलावं.

कारंज्याची आई

या तिन्ही शिकवणी एका आईच्या ठायी पाहायच्या तर श्रीगुरुचरित्रातल्या अंबामातेकडे जावं. कारंज्याला माधव आणि अंबा यांच्या पोटी श्रीनृसिंहसरस्वती जन्मले. बाळ ॐकाराखेरीज एक अक्षर बोलेना. लोक नाना तऱ्हेचं बोलू लागले, आईबाप कष्टी झाले. (आज मूल बोलायला उशीर लावत असेल तर वेळेवर डॉक्टरांना दाखवावंच, मुलाला हिणवू मात्र नये.) पुढे मुंज झाली आणि आईनं भिक्षा घालताच बाळाच्या मुखातून वेद प्रकटले.

खरी परीक्षा त्यानंतर आली. मुलगा म्हणाला, आता मला जाण्याची आज्ञा दे. माउली रडली, तिनं विनवलं. तिच्यासाठी ते काही काळ थांबले, घरात आणखी मुलगे जन्मले, आणि मग तिनं निरोप दिला. कपोतीला जे जमलं नाही ते अंबामातेला जमलं. तिची माया कमी होती म्हणून नव्हे. जो दिलेला आहे तो केवळ आपल्यापुरता नाही, हे तिनं रडत रडत का होईना, मानलं.

यासाठी संसार सोडावा लागत नाही. अकराव्या स्कंधावर १८ हजारांहून अधिक ओव्यांची टीका लिहिणारे नाथमहाराज पैठणचे गृहस्थच होते, मुलाबाळांचे होते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात पोळणारं परक्याचं मूल त्यांनी कडेवर घेतलं, ही कथा आपण सारे जाणतो. ममता 'माझ्या'पुरती उरली नाही की तिचीच दया होते.

वर्षभरासाठी नेम

१. रोज एकदा नातवंडाकडे पाहून मनात म्हणावं, 'हे दत्त आहे, दिलेलं आहे.'
२. मुलाला जेवताना हाती मोबाइल देण्याऐवजी एक गोष्ट सांगावी. चोवीस गुरूंच्या चोवीस गोष्टी तयारच आहेत.
३. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करू नये.
४. मुलं दूर राहत असतील तर फोनवर तक्रारीआधी आशीर्वाद द्यावा.

यंदा पाळण्याची दोरी हाती येईल तेव्हा दोन झोके मनापासून द्यावेत, आणि ती पुढच्याच्या हाती तितक्याच मनापासून सोपवावी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥